दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले : जन आरोग्य योजनेतून नेल बसवण्यासाठी काय लागते?

खांद्यालगत हाड मोडले की ऑपरेशन लागतेच असे नाही. तुकडे फारसे सरकले नसतील तर हात झोळीत ठेवूनही हाड जुळते; तिथे योजनेच्या मंजुरीचा प्रश्नच येत नाही. गोळ्याच्या (हाडाच्या खांद्यातल्या गोल टोकाच्या) खाली हाड तुटून सरकले असेल तर नेलचा, म्हणजे हाडाच्या आत बसवायच्या धातूच्या सळईचा विचार होतो. लहान छेद घेऊन, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत, गोळ्याच्या माथ्यातून नेल हाडाच्या पोकळीत उतरवतात आणि आडव्या स्क्रूंनी लॉक करतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पिवळे, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि आता पांढरे रेशनकार्डही चालते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये योजनेत आहेत. खासगीत जाणार असाल तर भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारा, कारण काही पॅकेजेस (योजनेत ठरवून दिलेले उपचार) शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव असतात.

सोबत रेशनकार्ड आणि रुग्णाचे आधार, दोन्ही मूळ प्रती न्या. आरोग्यमित्र नोंदणी करतो. मग एक्स-रे (गरज असल्यास सीटी स्कॅन) आणि सर्जनची नोंद जोडून रुग्णालयच ऑनलाइन मंजुरी मागते. रुग्णाने वेगळा अर्ज भरायचा नसतो.

गाडी अडते ती बहुतेक रेशनकार्डावर. नव्या सुनेचे नाव चढलेले नसते, १२ अंकी ऑनलाइन नंबर नसतो, नाहीतर आधारवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरे. शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात, ग्रामीणमध्ये तहसीलच्या पुरवठा शाखेत हे दुरुस्त होते. घरच्या एकाने त्याच दिवशी तिकडे निघावे, कारण दोन-तीन आठवडे गेले की हाड वाकड्या जागीच जुळायला लागते आणि ऑपरेशन अवघड होते. रस्ता अपघात असेल तर एमएलसी, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांना कळवलेल्या अपघाताची नोंद लागते. केसपेपरवर ‘घरात पडले’ आणि एमएलसीत ‘गाडीवरून पडले’ असे लिहिलेले असेल तर शंका निघून फाइल परत येते.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे आणि नेल-स्क्रूचे स्टिकर रुग्णालय योजनेकडे करते त्या खर्चाच्या दाव्याला जोडतात. स्टिकरची एक प्रत आपल्याकडेही ठेवा, पुढे कधी नेल काढायची वेळ आली तर कंपनी आणि माप कळते. एक्स-रेवर दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा: नेलचे वरचे टोक हाडाबाहेर तर नाही ना (तसे असेल तर हात उचलताना घासते), आणि स्क्रूचे टोक सांध्यात तर शिरले नाही ना. सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी योजनेत मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.