जोसेफ ल्यूकस अँड सन

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील तेलाचे दिवे बनविणारी व्हिक्टोरियाकालीन कौटुंबिक पेढी. संस्थापक जोसेफ ल्यूकस (1834–1902). सायकलच्या दिव्यांमुळे नावारूपास आली. पुढे मोटारींच्या विद्युत् साहित्यासाठी ओळखली गेली.

पेढीचा आरंभ नेमका केव्हाचा मानावा, याविषयी एकमत नाही. 1860 च्या दशकात बेकार व मोठ्या कुटुंबाचा पोशिंदा असलेला जोसेफ बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात हातगाडीवरून रॉकेल विकत असे. काही लेखक तेथूनच पेढीचे वय मोजतात. थोरला मुलगा हॅरी (1855–1939) 1872 च्या सुमारास धंद्यात आला, तेव्हा बादल्या, फावडी, कुंड्यांची आवरणे असा पत्र्याचा किरकोळ माल तयार होत असे. जहाजांसाठीचा ‘टॉम बोलिंग’ हा दिवा 1875 चा समजतात. दिवे-निर्मितीचा इतिहास लिहिताना हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यापूर्वीचा व्यवहार मुख्यतः तेल आणि पत्र्याच्या मालाचा होता. पितापुत्रांची रीतसर भागीदारी मात्र 1882 च्या सुमाराची. कारखाना आधी लिटल किंग स्ट्रीट व नंतर ग्रेट किंग स्ट्रीट येथे होता.

या व्यवसायामागे तेलाच्या बाजारातील उलथापालथ होती. स्कॉटिश रसायनज्ञ जेम्स यंग यांचे 1850 चे पॅराफिन तेलाचे (रॉकेलचे) एकस्व (पेटंट) 1864 मध्ये संपले आणि 1859 नंतर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे खनिज तेलही येऊ लागले. तेल स्वस्त झाल्याने दिव्यांना मागणी वाढली. साचे, दाबयंत्रे व धातूवर मुलामा चढविणारे कारागीर बर्मिंगहॅममध्ये आयतेच होते. त्यामुळे ल्यूकस यांना स्पर्धकही पुष्कळ होते; हिंक्स यांची दुहेरी वातीच्या बर्नरसाठी गाजलेली पेढी याच शहरातली.

पेढीचे खरे भाग्य उजळले ते 1879–80 च्या ‘किंग ऑफ द रोड’ या तुंब्याच्या (चाकाच्या मध्यभागाच्या, म्हणजे हबच्या) दिव्याने. त्या वेळच्या सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत पोहोचे आणि पायटे (पेडल) त्याच्याच आसाला असत. त्यामुळे आस चाकाबरोबर फिरे. हा दिवा चाकाच्या आत, दोन्ही बाजूंच्या आऱ्यांच्या मधल्या जागेत, आसावरच टांगलेला असे. त्यासाठी त्याची वरची बाजू बिजागरीने उघडून आसाभोवती बसवीत. कड्याला आतून अस्तर असल्याने आस त्यात फिरत राही आणि दिवा स्वतःच्या वजनाने सरळ लोंबे. प्रकाश फिरत्या आऱ्यांमधून बाहेर पडे, म्हणजे थोडा वाया जाई. पण जड दिवा उंचावर लावून आधीच डळमळीत असलेल्या वाहनाचा तोल बिघडविण्यापेक्षा हे बरे. आत तेलपात्र, चपटी वात व मुलामा दिलेला परावर्तक असे. खडबडीत रस्त्यावर ज्योत विझणे वा काजळी धरणे ही मुख्य अडचण होती. म्हणून अशा दिव्यांत रॉकेलाऐवजी मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल पसंत केले जाई. त्यात थोडा कापूर किंवा रॉकेल मिसळण्याचा सल्लाही दिला जाई.

या रचनेचे श्रेय बहुधा हॅरीला दिले जाते. तो स्वतः सायकलस्वार होता. जोसेफकडे ते देणारेही लेखक आहेत. पितापुत्रांच्या एकत्र कामात असा वाटा वेगळा काढणे अवघडच. तुंब्याच्या दिव्याची कल्पना मुळात ल्यूकस यांची एकट्याची होती, असे मात्र म्हणता येत नाही. इतर निर्मात्यांचे दिवेही त्याच काळात बाजारात होते. ल्यूकस यांनी तिला सुबक रूप आणि लक्षात राहणारे नाव दिले, इतके म्हणणे सुरक्षित.

इंग्लंड व वेल्समध्ये 1888 च्या स्थानिक शासन अधिनियमाने सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत सायकलवर दिवा सक्तीचा केला. दिवा आता हौसेची वस्तू उरला नाही आणि निर्मात्यांचे फावले. रात्री दिव्याविना सायकल चालविल्यास पोलीस अडवीत, हा अनुभव महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांनाही आहे. समान चाकांच्या सायकली आल्यावर तुंब्याचा दिवा मागे पडला आणि दिवे पुढच्या दांडीवरील कडीवर चढले.

सायकलींच्या तेजीत, 1897–98 मध्ये, पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. शतकाच्या अखेरीस ॲसिटिलीन वायूचे दिवे आले, तरी तेलाचे दिवे लगेच बंद पडले नाहीत. सुरुवातीच्या मोटारींचे बाजूचे दिवे तेलाचेच असत. जोसेफ 1902 च्या अखेरीस नेपल्स येथे विषमज्वराने वारला. त्यानंतर कारभार हॅरी आणि पुढे नातू ऑलिव्हर यांच्याकडे गेला. 1996 मध्ये कंपनी अमेरिकेतील व्हॅरिटी या कंपनीत विलीन झाली.

भारतात ल्यूकस हे नाव मुख्यतः मोटारींच्या डायनॅमो, स्टार्टर व विद्युत् साहित्यामुळे परिचित आहे. मद्रास येथे 1961 मध्ये टीव्हीएस समूहाबरोबर ‘ल्यूकस-टीव्हीएस’ ही कंपनी स्थापन झाली.