कमरेला पिस्तूल आणि नदीपलीकडचं राज्य : लायसन्स वेगळं, ‘लिओसा’ वेगळा

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीवरच्या पुलावर गाडी घातली की काही मिनिटांत न्यू जर्सी राज्य. ना नाका, ना तपासणी. टोलसुद्धा जाताना नाही, परतताना भरायचा. हद्द बदलली हे ड्रायव्हरच्या लक्षातही येत नाही. गाडीत पिस्तूल असेल तर मात्र लक्षात यायला हवं.

२०१३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईची गाडी न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवली. तिने आपणहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे त्याचं लायसन्स. लायसन्स खरंच होतं, पण पेनसिल्व्हेनियाचं. न्यू जर्सी बाहेरच्या कुठल्याही राज्याचं पिस्तूल-लायसन्स मानत नाही. बाईंना अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर आली. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली, तेव्हा कुठे त्या सुटल्या.

आता त्याच सीटवर फिलाडेल्फियाचा पोलीस बसवा. ड्युटी संपलेली, अंगात टी-शर्ट, बायकोपोरांना घेऊन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या समुद्रावर निघालेला. (साध्या वेशातला पोलीस वेगळा, तो कामावर असतो. हा सुट्टीवर आहे.) टी-शर्टखाली पिस्तूल आहे आणि न्यू जर्सीचं कसलंही लायसन्स नाही. तरी त्याच्यावर तो गुन्हा लागत नाही, कारण त्याच्या पाठीशी ‘लिओसा’ म्हणजे ‘लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी अ‍ॅक्ट’ हा कायदा आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनचा माझा मावसभाऊ यावर म्हणाला, “म्हणजे पोलिसांना देशभर चालणारं लायसन्स असतं, एवढंच ना?” तिकडे राहणारे बरेच जण असंच समजतात. पण तसं नाही.

लायसन्स राज्य देतं. अर्ज, फी, पूर्वेतिहासाची तपासणी, मग कार्ड. ते कार्ड त्या राज्यापुरतं. शेजारचं राज्य मानेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं म्हणून हेही चालेल, या समजुतीनेच माणसं अडकतात. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचे लायसन्स देण्याचे कडक निकष मोडीत काढले, पण एकाचं लायसन्स दुसऱ्याने मानलंच पाहिजे, असं काही सांगितलं नाही. आपल्याकडे शस्त्र परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालेल ते नोंदलेलं असतं, आणि निवडणूक आली की ठाण्यात शस्त्र जमा करायला लावतात. देणाऱ्याची हद्द आणि देणाऱ्याच्या अटी, हे इथेही तसंच.

लिओसा हा २२ जुलै २००४ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने झालेला केंद्रीय कायदा. नोकरीतल्या पोलिसासाठी त्यातलं कलम ९२६-बी. हा कायदा कुणाला काही देत नाही. अर्ज नाही, कार्ड नाही, खिडकी नाही. तो एवढंच म्हणतो की राज्याचा कायदा काहीही असो, अमुक अटींत बसणाऱ्याला पिस्तूल कपड्याआड बाळगता येईल. म्हणजे ही ढाल झाली. आणि ढाल वार झाल्यावरच कामी येते. पेनसिल्व्हेनियाच्या एका कॉन्स्टेबलला न्यूयॉर्क शहरात पिस्तुलासह पकडलं, रीतसर आरोप ठेवले, आणि २००६ मध्ये न्यायालयाने लिओसाकडे बोट दाखवून ते रद्द केले. सुटला खरा, पण अटक व्हायची ती झालीच.

खरी गंमत अटींत आहे. लायसन्सवर मुदतीची तारीख असते, तोवर माणूस निश्चिंत. पोलिसाची पात्रता मात्र संध्याकाळभरात येते-जाते. अटक करण्याचा अधिकार असलेली सरकारी नोकरी हवी, खात्याने शस्त्र बाळगायची मुभा दिलेली हवी, नेमबाजीची ठरलेली चाचणी पार केलेली हवी. निलंबन होऊ शकेल अशी खातेनिहाय कारवाई चालू असली की ढाल गेली. लग्नात दारू चढली की त्या रात्रीपुरती गेली. खात्याचं फोटो ओळखपत्र घरी राहिलं तरी गेली. नुसता बिल्ला दाखवून भागत नाही.

निवृत्तांचं कलम वेगळं, ९२६-सी. एकूण १० वर्षं सेवा हवी (२०१० च्या दुरुस्तीआधी १५ होती) आणि दर १२ महिन्यांनी नेमबाजीची चाचणी. न्यू जर्सीचं म्हणणं होतं की निवृत्तांनी आमचंच परमिट घ्यावं आणि टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या बाळगू नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येतं त्या) केंद्रीय अपील न्यायालयाने लिओसात बसणाऱ्यांपुरतं हे दोन्ही मोडीत काढलं.

मग पोलीस सगळीकडे सरस? नाही. लिओसा राज्यांचे कायदे बाजूला सारतो, तेही सगळे नाहीत. सरकारी इमारतींत आणि बागांत राज्य बंदी घालू शकतं, आणि राज्याच्या कायद्याने मुभा असेल तर खासगी जागेचा मालकही. केंद्राच्या कायद्यांना तर लिओसा हातच लावत नाही, आणि शाळेच्या परिसराचा कायदा केंद्राचाच आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नको. त्यात त्याच राज्याचं लायसन्स असणाऱ्याला सूट आहे. पोलिसालाही आहे, पण कामावर असेल तरच. म्हणजे न्यू जर्सीचं लायसन्स असलेला किराणा दुकानदार शाळेसमोरून पिस्तूल घेऊन गेला तर केंद्राचा हा कायदा त्याला अडवत नाही, आणि सुट्टीवर आलेला फिलाडेल्फियाचा पोलीस गेला तर अडकू शकतो. हे बदलावं म्हणून अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, विधेयकं येत राहिली आहेत.

आणखी एक. लिओसाने पिस्तूल हद्द ओलांडतं, वर्दी नाही. समुद्रावर डोळ्यांदेखत पाकीटमारी झाली तरी पेनसिल्व्हेनियाचा पोलीस म्हणून अटक करायचा अधिकार या कायद्याने त्याला मिळत नाही. त्यानेही पोलिसांना बोलवायचा ९११ नंबरच फिरवायचा.

विमानात तर लिओसा चालतच नाही. सशस्त्र बसायचं तर सरकारी कामाची गरज दाखवावी लागते, वेगळं प्रशिक्षण लागतं. सुट्टीवर फ्लोरिडाला निघालेला पोलीस आणि लायसन्सवाला शेजारी, दोघांनाही पिस्तूल रिकामं करून कडक कवचाच्या पेटीत कुलूपबंद करायचं, चेक-इनच्या काउंटरवर तसं सांगायचं आणि पेटी सामानात द्यायची.