ड्राइव्हचं नाव डिस्कवर, अक्षर कॉम्प्युटरच्या वहीत

जुन्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि कालपर्यंत 'डी' असलेला ड्राइव्ह आज 'ई' झाला, तर डिस्क बिघडलेली नसते. विंडोज ९८ हार्ड डिस्कची अक्षरं कुठेच कायमची लिहून ठेवत नाही. दर वेळी सुरू होताना आधी प्रत्येक डिस्कवरचं पहिलं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) मोजतं, मग लॉजिकल ड्राइव्ह (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत पाडलेले भाग), त्यानंतर सीडी. नव्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन असेल तर ते मध्ये घुसतं आणि बाकीची अक्षरं पुढे सरकतात. म्हणून तिथे दुसऱ्या डिस्कवर फक्त एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्यात लॉजिकल ड्राइव्ह पाडावेत. मात्र पार्टिशन नव्याने पाडलं की डेटा जातो, त्यामुळे हे डिस्क रिकामी असतानाच करायचं.

विंडोज एक्सपी अक्षरं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, नोंदवतं. डिस्कची ४ बाइटची सही (ओळखीचा आकडा) आणि पार्टिशन जिथून सुरू होतं ती जागा, यांवरून ते ड्राइव्ह ओळखतं. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली तरी अक्षर सहसा टिकतं ते यामुळेच. तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की अक्षर वेगळं मिळू शकतं, कारण नोंद पहिल्या मशीनमध्ये राहिली. नाव, म्हणजे लेबल, मात्र डिस्कवरच असतं आणि तिच्यासोबत जातं. ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला असेल तर ते ३२ अक्षरांचं चालतं, फॅट ३२ पद्धतीने केला असेल तर ११. तेव्हा आधी नावं द्या: ड्राइव्हवर राइट क्लिक, 'रीनेम'. सगळीकडे 'लोकल डिस्क' दिसत असताना अक्षरं बदलायला गेलात तर चूक ठरलेली.

अक्षरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगइन करा. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट'. हव्या त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' घ्या आणि 'चेंज' दाबा. वापरात असलेलं अक्षर यादीत येत नाही. सीडी 'डी'वर बसली असेल तर आधी तिला 'झेड' द्या, मग 'डी' मोकळं होईल.

विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याचं अक्षर इथून बदलत नाही, आणि ते बरंच आहे. ज्या ड्राइव्हवर प्रोग्रॅम टाकलेत त्यालाही हात लावू नका; शॉर्टकट आणि रजिस्ट्रीतले पत्ते जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहतात. निव्वळ फोटो-गाण्यांचा ड्राइव्ह असेल तर खुशाल बदला.

एक्सपीची एक खोड: पेन ड्राइव्हला अक्षर देताना ते नेटवर्क ड्राइव्हची (दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या, नेटवर्कने जोडलेल्या फोल्डरची) अक्षरं बघतच नाही. दोघांच्या वाट्याला 'एफ' आलं की पेन ड्राइव्ह लावूनही दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो असतो. तिथूनच त्याला 'पी' देऊन टाका.