औषध देणे व रुग्णशिक्षण (परिचर्या)

लिहून दिलेले औषध रुग्णाला बिनचूक देणे, त्याचा परिणाम पाहणे आणि घरी गेल्यावर रुग्णाला ते स्वतः घेता येईल इतपत समजावणे, हा परिचारिकेच्या कामाचा औषधशास्त्राशी सर्वांत जवळचा भाग होय.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पंचसूत्री विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली असावी. सूत्रांची संख्या मात्र स्थिर राहिली नाही. ‘योग्य नोंद’ हे सहावे सूत्र बहुतेकांना मान्य आहे. औषधाचे कारण, त्याचा परिणाम, नकार देण्याचा रुग्णाचा हक्क इत्यादींची भर घालून काही लेखक सात, नऊ किंवा दहा सूत्रे मानतात. संख्येच्या या वादापेक्षा इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या अमेरिकी संस्थेचा आक्षेप अधिक मोलाचा वाटतो. तिच्या मते ही सूत्रे म्हणजे उद्दिष्टे आहेत. ती कशी गाठायची हे त्यांतून कळत नाही. ‘योग्य रुग्ण’ हे सूत्र पाठ असल्याने ओळख पटत नाही. नाव व जन्मतारीख मनगटपट्टीशी ताडून पाहिल्यावर ती पटते. नावही रुग्णाकडूनच वदवून घ्यावे, कारण ‘आपणच का अमुक?’ या प्रश्नाला ग्लानीतला रुग्ण सहज मान डोलावतो. खाटेचा क्रमांक ही ओळखीची खूण नव्हे.

चूक कोणाची यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत होते, याचा शोध अधिक फलदायी ठरला आहे. ऑस्ट्रेलियातील दोन रुग्णालयांत झालेल्या व २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. औषधे काढणाऱ्या परिचारिकेला मध्येच हाक मारू नये, हा नियम त्यामुळे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

मात्रा लिहिण्याची पद्धत हा स्वतंत्र धोका आहे. ‘१.०’मधील दशांशचिन्ह पुसट झाले की मात्रा दसपट होते, ‘.५’चे ‘५’ होते. म्हणून पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहू नये आणि अपूर्णांकाआधी ते गाळू नये. इन्सुलिनच्या चार युनिटांपुढे युनिटसाठी लिहिलेले रोमन आद्याक्षर (U) शून्यासारखे दिसून ४० युनिटे दिली जाण्याचा संभव असतो. तेथे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४पासून अशी संक्षेपरूपे वर्ज्य ठरविली आहेत. मापनाचे गणित सोपे असते: ५ मिलि.मध्ये २५० मिग्रॅ. असलेल्या द्रवातून १२५ मिग्रॅ. हवे असल्यास २.५ मिलि. घ्यावे. इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) यांसारख्या जोखमीच्या औषधांत दुसऱ्या परिचारिकेने हेच गणित पहिलीचे उत्तर न पाहता करावे, तरच पडताळणीला अर्थ राहतो.

मार्ग चुकल्यास काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण व्हिन्क्रिस्टीनचे आहे. शिरेतून द्यावयाचे हे कर्करोगावरील औषध पाठीच्या कण्यातील द्रवात गेल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीत तयार केले, तर ही चूक करणेच कठीण होते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी हृदयाचे ठोके छातीवर पूर्ण एक मिनिट मोजतात. प्रौढात ते ६०पेक्षा कमी असल्यास मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवण्याची रीत आहे.

रुग्णशिक्षणात ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. रुग्णाला तेच त्याच्या शब्दांत सांगावयास व करून दाखवावयास लावावे. हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही; दम्यासाठीचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून टाकायची; वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असताना न विचारता ॲस्पिरिन घ्यायचे नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चुरून देऊ नयेत, हे गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना आवर्जून सांगावे लागते. मुलांची पातळ औषधे घरातल्या चमच्याने न मोजता खुणा असलेल्या सिरिंजने मोजावीत.