रस्सीखेच : दोराची, पदकांची आणि नियमांची पार्श्वभूमी

शाळेच्या क्रीडामहोत्सवात किंवा पोलिसांच्या वार्षिक स्पर्धांमध्ये रस्सीखेच असतेच. ती बहुतेक वेळा अखेरीस ठेवतात, आणि ज्यांनी दिवसभर काही खेळलेले नसते तेही दोराला हात घालतात. त्यामुळे हा केवळ आडदांड ताकदीचा, तयारी न लागणारा खेळ आहे असा समज पक्का झाला आहे. हा समज खेळावर अन्याय करणारा आहे. १९०० ते १९२० या काळात रस्सीखेच ऑलिंपिकमध्ये होती, तिला पदके होती, आणि ती तिथून गेली त्याचे कारण खेळाच्या दर्जात नव्हते.

ओढण्याच्या स्पर्धेची सर्वांत तपशीलवार जुनी नोंद चीनमधली आहे. तांग राजवटीतला आठव्या शतकातला लेखक फेंग यान सांगतो की पूर्वी या खेळाला बांबूच्या पट्ट्यांचा दोर वापरत, त्याच्या काळात तो जाड तागाचा झाला होता. लांबी चाळीस-पन्नास झांग, म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे मीटर. दोराच्या दोन्ही टोकांना शेकडो बारीक दोऱ्या बांधलेल्या असत आणि प्रत्येक गडी आपापली दोरी छातीशी घेऊन ओढत असे. मधोमध मोठे निशाण रोवलेले, दोन्ही बाजूंना ढोल. सम्राट चुंगत्सुंगने आपल्या मंत्र्यांना आणि सेनापतींना दोराला लावले, तेव्हा दोन म्हातारे दरबारी दोराबरोबर आडवे झाले आणि त्यांना लवकर उठता येईना, हे पाहून सम्राट हसला, अशीही नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे सम्राट श्वेनत्सुंगच्या काळात हजाराहून जास्त माणसे एका वेळी ओढत.

आशियात अनेक ठिकाणी ही ओढाओढ शेतीशी बांधलेली आहे. कंबोडिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम या चार देशांच्या दोर ओढण्याच्या विधींना आणि खेळांना युनेस्कोने २०१५ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. कंबोडियात ख्मेर नववर्षाला, एप्रिलमध्ये, होणाऱ्या ओढीचा संबंध थेट समुद्रमंथनाशी लावतात. वासुकीला दोन्हीकडून ओढणारे देव आणि असुर अंगकोर वाटच्या भिंतीवर सुमारे एकोणपन्नास मीटर लांबीच्या शिल्पपट्टात कोरलेले आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्यालाही लागत नाही.

मला यांत सर्वांत मोलाची वाटते ती कोरियातल्या दांगजिनजवळच्या गिजिसी गावाची रीत. भाताच्या पेंढ्याचा दोर गावकरी एकत्र बसून वळतात. तो इतका जाड होतो की हातात मावत नाही, म्हणून त्याला बाजूच्या दोऱ्या जोडाव्या लागतात. गावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे असे दोन पक्ष पडतात. वरचा पक्ष जिंकला तर देशात शांतता नांदेल, खालचा जिंकला तर पीक चांगले येईल, असे मानतात. कोणीही जिंकले तरी गावाचे भलेच. कोकणातल्या किनाऱ्यावर रापण ओढताना जाळ्याच्या दोन टोकांना दोन जथे असतात आणि दोन्ही जथ्यांना मासळी हवी असते, तसेच हे.

युरोपात मात्र हा खेळ चुरशीचाच राहिला. ‘टग’ म्हणजे जोर लावून, हिसका देत ओढणे. ‘टग ऑफ वॉर’ हे शब्द इंग्रजीत खेळाच्या आधी आले. सतराव्या शतकात त्यांचा अर्थ होता लढाईतला निकराचा, निकाल लावणारा क्षण. दोराच्या खेळाला ते नाव चिकटले एकोणिसाव्या शतकात, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये क्रीडासंस्था आणि पलटणींच्या स्पर्धा यांतून खेळ रुजला तेव्हा.

१९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन डॅनिश आणि तीन स्वीडिश गड्यांच्या मिश्र संघाने फ्रान्सला हरवले. त्या डॅनिश गड्यांपैकी एडगर आबी हा मुळात वार्तांकनाला आलेला पत्रकार होता. संघात माणूस कमी पडला म्हणून तो दोराला लागला. १९०४ साली सेंट लुइसला पदके अमेरिकी क्लबांनी आपसांत वाटून घेतली. खरी ठिणगी पडली १९०८ साली लंडनमध्ये. लिव्हरपूल पोलिसांच्या संघाने अमेरिकी संघाला काही क्षणांत खेचून नेले. अमेरिकनांनी आक्षेप घेतला की पोलिसांचे बूट फार जड आहेत. पोलिसांचे उत्तर होते की हे आमचे रोजच्या कामाचे बूट. आक्षेप फेटाळला गेला, अमेरिकी संघ स्पर्धेतून बाहेर पडला, आणि तिन्ही पदके ब्रिटिश पोलिसांकडेच गेली : सुवर्ण सिटी ऑफ लंडन पोलिसांना, रौप्य लिव्हरपूलला, कांस्य मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या के डिव्हिजनला.

बुटांचा तो वाद क्षुल्लक नव्हता. दोरात ताण दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच असतो. कोण सरकणार हे ठरते पाय जमिनीला किती घट्ट रोवले आहेत यावर. म्हणून अनुभवी संघ हातांनी ओढतच नाही. दोर धरून ठेवायचा, अंग मागे झुकवायचे आणि टाचांनी जमीन रेटायची, आठही जणांनी एका ठेक्यात. आपल्याकडचा ‘जोर लगाके हैय्या’ हा ठेक्याचाच हिशेब आहे, कारण सात जण जोरात आणि आठवा अर्धा क्षण उशिरा, एवढ्यानेही दोर हातचा जातो.

१९१२ला स्टॉकहोममध्ये प्रत्यक्ष मैदानात दोनच संघ उतरले आणि यजमान स्वीडनने ब्रिटनला हरवले. १९२०ला अँटवर्पमध्ये ब्रिटनने सुवर्ण परत मिळवले. नेदरलँड्स दुसरे, बेल्जियम तिसरे. एडविन मिल्स, जेम्स शेफर्ड आणि फ्रेडरिक हम्फ्रीज या तिघांनी १९०८ ते १९२० या काळात दोन सुवर्ण आणि एक रौप्य अशी प्रत्येकी तीन पदके मिळवली. या तिघांची नावे आज फारशी कुणाच्या ओठी नाहीत, याचे वाईट वाटते.

त्यानंतर ऑलिंपिकमधल्या खेळांची काटछाट झाली. ज्यांच्यामागे आंतरराष्ट्रीय संघटना उभी होती त्यांना आपली बाजू मांडता आली, रस्सीखेचीला अशी संघटनाच नव्हती. ती स्थापन व्हायला १९६० साल उजाडले. पहिली जागतिक स्पर्धा १९७५ला नेदरलँड्समध्ये झाली, १९८१पासून वर्ल्ड गेम्समध्ये स्थान मिळाले, आणि १९९९ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यताही आली. पदक मात्र अजून परत आलेले नाही.

आजचे नियम कडक आहेत. संघ आठ जणांचा, गट सगळ्यांच्या एकत्रित वजनावर, तीनपैकी दोन ओढी जिंकायच्या. विरुद्ध संघाला चार मीटर ओढले की ओढ संपते. मुद्दाम खाली बसणे चूक, हातावर हात टाकत दोर गोळा करणे चूक. दोर अंगावरून घेण्याची मुभा फक्त शेवटच्या गड्याला, तीही ठरलेल्या पद्धतीने, आणि गाठ मारायला त्यालाही बंदी.

ही बंदी आयोजकांनी नीट वाचावी. १९७८ला अमेरिकेतल्या हॅरिसबर्गजवळ सुमारे २,३०० विद्यार्थी ओढत असताना नायलॉनचा दोर तुटला आणि काहींची बोटे गेली. १९९७ला तैपेईत दीड हजारांहून जास्त लोकांच्या ओढीत दोर तुटून दोघांचे हात खांद्याजवळून तुटले. नायलॉन ताणला जाताना ताकद साठवतो आणि तुटला की ती एका झटक्यात सोडतो. दोर हाताला गुंडाळलेला असेल तर सुटका नाही. शाळेच्या मैदानावर जाड तागाचा, न ताणणारा दोर आणावा, ओढणाऱ्यांची संख्या त्याला पेलेल इतकीच ठेवावी, आणि पहिल्या शिट्टीआधी पंचांनी प्रत्येकाचा हात पाहावा.