उंटाच्या केसांचा ब्रश, ज्यात उंट नाहीच

इंदूरला कुणी पोराला चित्रकलेच्या क्लासला घातलं की घरातलं कुणीतरी जाणतं माणूस बजावतं, "कॅमल हेअरचाच ब्रश घे हो, उंटाच्या केसाचा पाणी छान धरतो." बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार ज्या गावात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, तिथेही हा समज पक्का!

उंटाचे केस लोकरीसारखे, कुरळे. त्यांना टोक येत नाही, म्हणून ब्रशासाठी ते निरुपयोगीच. 'कॅमल हेअर' हे बाजारातलं नाव आहे. आत असतात खार, बकरी, घोडा, बैल यांचे केस, बरेचदा मिसळलेले. त्यामुळे एकाच नावाचे दोन ब्रश अगदी वेगळे वागतात. दुकानात 'सेबल' नावाचाही ब्रश मिळतो, त्यात मात्र मुंगसासारख्याच दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस. आणि खुद्द मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी 'खास माल' म्हणून पुढे केला, तर सरळ नाही म्हणा. मुंगूस कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा ठरतो.

मग घ्यायचं काय? दुकानात ब्रश पाण्यात बुडवून झटका. टोक जुळलं आणि दाबल्यावर केस परत सरळ झाले, तर नाव काही असो, घ्या. ॲक्रिलिक रंगांना सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम केसांचाच ब्रश बरा, नैसर्गिक केस त्यात लवकर खराब होतात. जलरंगाला ८ नंबरचा एक गोल ब्रश बराच काळ पुरतो. वाचलेले पैसे रंगांत घाला. चोवीस रंगांच्या डब्यापेक्षा चांगल्या प्रतीच्या सहा ट्यूब. हे दुकानदाराला फारसं आवडत नाही.