नगरनियोजनातील लोकसहभाग

नगरनियोजनातील लोकसहभाग : एखाद्या वस्तीच्या विकासाचा आराखडा ठरवताना, राबवताना आणि पुढे बदलताना तिथल्या रहिवाशांनी घेतलेला प्रत्यक्ष भाग. ‘हरकती व सूचना’ या शब्दांनी व्यवहारात जे ओळखले जाते, तो या संकल्पनेचा एक अंश, आणि तोही उशिराचा. रस्त्याची रुंदी, मैदानाचे आरक्षण, इमारतींची उंची या गोष्टी नकाशावर उमटण्याआधी लोकांना विचारले की उमटल्यावर, यावर सहभागाचे खरे स्वरूप ठरते. प्रस्तुत नोंदीत हीच कसोटी लावली आहे.

संकल्पनेचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे आद्य प्रवर्तक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) होत. ‘आधी पाहणी, मग योजना’ हा त्यांचा आग्रह. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि पुढील सुमारे दहा वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता पाडण्यापेक्षा एखाददुसरे पडके घर काढावे, बोळ मोकळा करावा, झाडे राखावीत, म्हणजे थोड्या खर्चात आणि कोणाला फारसे न उठवता वस्ती सुधारते, असे त्यांनी तंजावरसारख्या शहरांच्या संदर्भात दाखवले. इंदूरमध्ये प्लेगची भीती असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजल्याची हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या भागातील घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिथून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली गेली आणि घरोघर झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरे कपडे घालून, हार घालून मानाने चालले. शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या.

या मतावरचा आक्षेप असा, की इथे लोक घर झाडतात, मिरवणुकीत चालतात; पण कोणती गल्ली राखायची हे नगररचनाकारच ठरवतो आणि त्याच्यामागे दरबाराचा अधिकार असतो. म्हणून दुसरे मत हा उगम साधारणतः १९६० च्या दशकात, मुख्यतः अमेरिकेत पाहते. निर्णयाचा अधिकार ही कसोटी धरल्यास हेच मत अधिक ग्राह्य वाटते. गेडीस यांना पूर्वसूरी म्हणणे योग्य.

अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यात गरीब व कृष्णवर्णीय कुटुंबे विस्थापित झाली. १९५४ च्या कायद्याने नागरिकांचा सहभाग आवश्यक ठरवला, तरी व्यवहारात त्याचा अर्थ शहरातील प्रतिष्ठितांची सल्लागार समिती एवढाच राहिला. लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये या पाडापाडीच्या नियोजनावर कठोर टीका केली. १९६५ मध्ये अमेरिकी नियोजनकार पॉल डेव्हिडॉफ यांनी नियोजनकाराने वकिलाप्रमाणे दुर्बल गटांची बाजू मांडावी असे सुचवले. दरम्यान १९६४ च्या दारिद्र्यनिर्मूलन कायद्यात ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असा शब्दप्रयोग आला. तो कोणत्या हेतूने घातला गेला यावर पुढे बराच वाद झाला. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना योजनेच्या लाभातून वगळले जाऊ नये एवढाच मर्यादित हेतू होता, असे एक मत आहे. हेतू काहीही असो, वस्त्यांनी त्या शब्दांचा अर्थ अधिकार असाच घेतला.

अमेरिकेतील शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये एका लेखात मांडलेली, नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आजही या विषयाची मोजपट्टी आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर (हातचलाखी आणि लोकांनाच रुग्ण समजून केलेले मानसोपचार) सहभाग नसतोच. मधल्या तिन्हींवर माहिती देणे, मत विचारणे आणि तोंडदेखली जागा देणे येते. वरच्या तिन्हींवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण. त्या लेखात १९६८ च्या पॅरिसमधील एका भित्तिपत्रकाचा उल्लेख आहे. ‘मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस’ अशी क्रियापदाची रूपे चालवत ते शेवटी ‘ते नफा कमावतात’ इथे पोचते. १९६९ मध्येच ब्रिटनमध्ये नियोजनातील लोकसहभागावरील स्केफिंग्टन समितीचा अहवाल निघाला. त्याने लोकांना लवकर आणि सतत माहिती देण्यावर भर दिला. अर्नस्टीन यांच्या शिडीवर मात्र तो मधल्या पायऱ्यांपलीकडे फारसा जात नाही.

पद्धतींपैकी टोनी गिब्सन यांची, १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये घडलेली पद्धत उल्लेखनीय आहे. रहिवासी, बहुधा शाळकरी मुलांच्या मदतीने, आपल्या वस्तीची पुठ्ठ्याची प्रतिकृती करतात. ती घडी घालून नेता येईल अशी असते. मग प्रत्येक जण ‘इथे दिवा हवा’, ‘इथे खेळायला जागा हवी’ अशा चिठ्ठ्या त्या त्या जागी ठेवतो. भाषण करावे लागत नसल्याने सभेत कधी न बोलणाऱ्यांचेही म्हणणे मांडले जाते. नंतर चिठ्ठ्या ‘आता’, ‘लवकर’ आणि ‘पुढे’ अशा लावून घेतात.

ब्राझीलमधील पोर्तू अलेग्री शहरात १९८९ पासून नगरपालिकेच्या गुंतवणुकीचा क्रम वस्तीसभांतून ठरू लागला. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने वस्तीचा आराखडा सार्वमताला टाकण्याची सोय झाली, पण वरिष्ठ आराखड्याच्या धोरणाशी तो सुसंगत असावा लागतो.

सभेला येणारे बहुधा घरमालक, सवड असलेले व वयस्क असतात. भाडेकरू आणि रात्रपाळीचे कामगार मागे राहतात. जे कुटुंब उद्या त्या वस्तीत राहायला येईल त्याला तर मतच नसते. त्यामुळे नव्या घरांना होणारा विरोधही कधीकधी लोकेच्छा म्हणून पुढे येतो.

जपानमध्ये रहिवाशांनी मिळून वस्ती घडवण्याच्या कामाला ‘माचिझुकुरी’ म्हणतात. कोबे शहरातील मानो या वस्तीत १९६० च्या दशकात कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध सुरू झालेली चळवळ पुढे वस्तीच्या आराखड्याकडे वळली. १९८१ मध्ये शहराने रहिवाशांच्या अशा मंडळांना, म्हणजे वस्तीमंडळांना, मान्यता देणारा नियम केला. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर मानोत रहिवासी आणि जवळच्या कारखान्याचे कामगार यांनी मिळून आग आटोक्यात आणली. इतर काही उद्ध्वस्त भागांसाठी मात्र शहराने दोनच महिन्यांत, १७ मार्चला, पुनर्बांधणीचा आराखडा मंजूर केला. लोक अजून निवाऱ्यांत होते, तीव्र विरोध झाला. अखेर मुख्य रस्ते व मोठी उद्याने एवढेच ठरलेले धरून गल्ल्या, छोटी उद्याने आणि घरांची मांडणी वस्तीमंडळांशी बोलून ठरवण्यात आली.